आरोहीच्या ताब्यातल्या चपला

भवानी पेठ, सोलापूर
२० जानेवारी २०२५

ती. सौ. इंद्रायणीवहिनीस,
वैजूचा शि. सा. न. वि. वि.

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली आणि पेठेत पुन्हा नीट चालता यायला लागलं. तुम्ही यंदा कोणी आला नाहीत, म्हणून तुमच्या वाटचे पाळणेही आम्ही नवरा-बायकोनं फिरून घेतले. अमृतला चक्कर आली, पण तो कबूल करत नाही. पाकिटात आरोहीसाठी लोकरीचा गोंडा आहे आणि शेजारच्या कारखान्यातून मागून आणलेली चादरीच्या काठाची पट्टी आहे. सयाजीदादा परवा हसत होता की फोन असताना नणंद-भावजय अजून पत्रं कसली लिहिता. त्याला सांग, फोननं आपल्या दोघींची सोय होते, पण जिला ऐकू येत नाही आणि दिसतही नाही त्या आमच्या भाचीच्या हातात काय पडतं? पाकीट आधी ती फोडते, हुंगते, आतली वस्तू काढून घेते आणि मग उरलेला कागद तुला मिळतो, हे मला फार आवडतं.

आता खरी बातमी. आमच्या हौशी मंडळींचं नवं नाटक बसतंय आणि विषय थेट तुझ्या घरातला आहे. खेड्यातली एक मुलगी, ना कान ना डोळे, आणि तिला हातावर हात ठेवून शिकवणारी एक बाई. कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या सुबोधनं लिहिलंय आणि बसवतोयही तोच. वीस वर्षं शाळेत मास्तरीण म्हणून घसा फोडल्यावर शिक्षिकेचं काम मलाच मिळणार, असं मी धरून चालले होते. मिळालं आईचं. ही आई पहिल्या अंकात एवढी रडते की मी दोन पदर लागतील म्हणून सांगितलंय. मुलीचं काम लावण्या करते. आठवीत आहे, विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलते. ती वाटी चाचपायला लागली की मी माझं वाक्य विसरते.

एक जागा मात्र मला जमत नाही. दुसऱ्या अंकात आई मुलीला शिक्षिकेपाशी खेळायला बसवते आणि तिच्या नकळत, पाऊल न वाजवता निघून जाते. सुबोध म्हणतो इथं सगळं थिएटर रडेल. मी तसं करते, पण माझंच पाऊल अडतं. तू असतीस तर कशी निघाली असतीस, ते लिही.

दादा म्हणाला की वर्गाचा विषय तू पुन्हा मिटवून टाकलास. मी काही बोलणार नाही. फक्त एवढंच की पद्मजाबाईंचा अशा मुलांचा वर्ग आमच्या घरापासून रिक्षानं जवळ आहे, आणि आमची मागची खोली रिकामी आहे. झालं, नाही बोलत.

आबांना लेकीचा साष्टांग नमस्कार. लोभ आहेच, त्यात थोडी भर घालत जा.

तुझी
वैजू

नातेपुते
२९ जानेवारी २०२५

सौ. वैजयंतीवन्सं यांस,
इंद्रायणीचा स. न. वि. वि.

गोंडा आरोहीनं गालाला लावून मन भरेपर्यंत फिरवला आणि मग आबांच्या कानात घातला. आबा झोपेतून दचकून उठले आणि पोर हसून हसून खाली बसली. चादरीची पट्टी मनगटाला बांधून घेतलीय, अंघोळीलाही सोडू देत नाही.

तुमच्या नाटकातल्या आईला माझा निरोप सांगा की एवढं रडायला वेळ असेल तर माझ्याकडं ये, दोन भाकरी थापून दे. वन्सं, रडू मलाही येतं, पण आरोहीचा हात सारखा माझ्या तोंडावर असतो. गाल ओला लागला की ती स्वतःच्या फ्रॉकनं पुसते आणि पुसत राहते. मग रडायची चोरी होते.

आणि चोरून निघून जायचं तर नावच काढू नका. मला वाचून राग आला, तुमचा नाही, त्या सुबोधभाऊंचा. ज्या पोरीला दिसत नाही, ऐकू येत नाही, तिच्या हाताखालून माणूस सरकलं की तिच्या लेखी ते जगातूनच गेलं. आमच्याकडं रीत अशी आहे की जो कोणी बाहेर निघेल त्यानं चप्पल पायात घालायची आणि तिचा हात चपलेवर टेकवायचा. मग तिला कळतं की हे माणूस चाललं. पटलं तर ती पायावर थाप मारते. नाही पटलं तर चपलाच लपवते. दिवाळीला माझे मामा आले होते. त्यांची एक चप्पल पिठाच्या डब्यात सापडली, दुसरी अजून सापडायची आहे. तुमचे दादा कधीकधी दोन पायांत दोन तऱ्हेच्या घालून दुकानात जातात. खतं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही आता त्याचं काही वाटत नाही.

तुम्ही वर्गाबद्दल बोलणार नाही म्हणून दोन ओळी बोललातच, तर मीही सांगते. आबांचं म्हणणं असं की पोरीला हितं काय कमी हाय, लई लाडाची हाय ती. माझं म्हणणं तसं नाही. ती शिकली पाहिजे हे मला तुमच्याइतकंच कळतं. दहा वर्षांची झाली. तिच्या-माझ्या खुणा सगळ्या हाताला लागणाऱ्या वस्तूंच्या. पाणी, भाकरी, शेळी, अंघोळ, चप्पल. मी तुमच्या घरी तिला ठेवून चप्पल दाखवली, तर आई चालली एवढं तिला कळेल. शनिवारी परत येते, हे मी तिला कुठल्या खुणेनं सांगू? सगळ्या जगातल्या बायका उंबऱ्यावर येते म्हणतात. मला तेवढं तिला सांगता येत नाही. आईनं टाकलं असं तिला वाटलं तर ती शिकेल काय आणि जगेल काय? म्हणून मी विषय मिटवते. तुमच्या दादांना वाटतं मी हट्टी आहे. असेन.

मन मोकळं लिहिलं, राग धरू नका. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
इंद्रायणी

भवानी पेठ, सोलापूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. वहिनीस,
वैजूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तालमीत वाचून दाखवलं. शेवटचा भाग सोडून, तो आपल्या दोघींचा. सुबोध आधी फुगला. तो म्हणाला की त्यानं हे मनानं लिहिलेलं नाही, पद्मजाबाईंच्या वर्गात बसून स्वतः पाहिलंय. पद्मजाबाई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, खरं आहे, आया अशाच निघून जातात, पोर रडेल म्हणून, आणि मी सांगून सांगून दमले. त्यांनी तुझ्या रीतीची दोनदा चौकशी केली. मामांच्या चपलेचीही केली.

तर आता प्रवेश बदललाय. मी दाराशी जाते, चप्पल घालते, लावण्याचा हात माझ्या चपलेवर टेकवते. तिला कळतं, ती किंचाळते, पायाला मिठी मारते, मी सोडवून घेते आणि जाते. फक्त आमच्याकडं रंगमंचावर चप्पल चढवत नाहीत, पाया पडून अनवाणी जायचं, हा सुबोधच्या वडिलांपासूनचा दंडक. तेव्हा तालमीत मी हवेतली चप्पल घालते आणि लावण्या हवेतल्या चपलेवर हात ठेवते. प्रयोगापुरती माझी घरची जोडी धुऊन, पुसून, नटराजाची माफी मागून दाराच्या चौकटीशी ठेवायची, असं ठरलंय. तीच ती, अंगठा उसवला म्हणून चांभारानं लाल दोऱ्यानं शिवून दिलेली.

तुझा प्रश्न मी पद्मजाबाईंना विचारला. त्या म्हणाल्या की परत येणं हे शिकवता येतं, पण हळूहळू, आणि त्यासाठी आधी मूल वर्गात यावं लागतं. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. तू हट्टी नाहीस. दादाला मी फोनवर तसं सांगितलंय, जरा आवाज चढवून.

दोन मार्चला, रविवारी संध्याकाळी प्रयोग आहे. तू आरोहीला घेऊन ये. तिला पडदा उघडायच्या आधी सगळा रंगमंच हातानं दाखवू. बाकी कशासाठी म्हणत नाहीये, आत्याचं नाटक म्हणून ये. पाकिटात मोराचं पीस आहे, आबांचे कान सांभाळा.

आहे तसाच लोभ असू दे, कमी झालेला मला लगेच ओळखू येतो.

तुझी
वैजू

भवानी पेठ, सोलापूर
४ मार्च २०२५

ती. सौ. वहिनीस,
वैजूचा शि. सा. न. वि. वि.

दादाच्या जीपवाल्याला एवढी कसली घाई होती? पडदा पडून मी बाहेर येते तर तुम्ही गेलेलात. आरोहीला धड जवळही घेता आलं नाही. तिनं पहिल्या घंटेआधी सगळा रंगमंच चाचपला, लाकडी चूल, पाटा, दाराची चौकट, आणि तू माझ्या निऱ्यांना पिना लावत होतीस तेवढ्यात ती पडद्याच्या दोऱ्यालाही लोंबकळली. ते पाहून सगळी मंडळी खूश झाली.

पण जे झालं ते तू पहिल्या रांगेतून पाहिलंस, आता माझ्या बाजूनं ऐक. दुसऱ्या अंकात मी दाराशी गेले, वाकले, आणि चौकटीशी चपला नाहीत! पाय फिरवून पाहिला, हात फिरवून पाहिला, काही नाही. विंगेत सुबोध डोकं धरून उभा. लावण्या आपला हात पुढं करून बसलेली, कारण चप्पल हाताला लागल्याशिवाय तिचं पुढचं सुरूच होत नाही. शेवटी काहीच सुचेना, तेव्हा मी तिचा हात माझ्या उघड्या पायावर टेकवला आणि देवाचं नाव घेतलं.

आता तिनं किंचाळायचं होतं. ती किंचाळली नाही. तिनं एक पाऊल चाचपलं, मग दुसरं, बोटं, टाच, सगळं. आणि पायावर हलकी थाप मारून उंबऱ्याशी मांडी घालून बसली. मी अनवाणीच निघून गेले. मागून शिक्षिका येते, तिलाही काही कळेना, तीही मुकाट्यानं शेजारी बसली. आणि मग थिएटरभर टाळ्या. नंतर लावण्याला विचारलं की ओरडली का नाहीस. ती म्हणाली, पायात चप्पल नाही म्हणजे आई परसातच जाणार, लगेच येणार, मग रडायचं कशाला. तिनं हे तिथल्या तिथं ठरवलं! सुबोध आता जो भेटेल त्याला सांगतोय की हे त्याला आधीपासूनच सुचलेलं होतं.

माझ्या चपला मात्र अजून सापडलेल्या नाहीत. मी लावण्याच्या आईच्या स्लीपर घालून घरी आले. नाटकातल्या मंडळींवर चोरीचा आळ घेणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प आहे.

आरोहीला खूप खूप पापे. वाट पाहायला लावू नकोस, लोभाइतकंच उत्तराचंही बघ.

तुझी
वैजू

नातेपुते
९ मार्च २०२५

सौ. वैजयंतीवन्सं यांस,
इंद्रायणीचा स. न. वि. वि.

चोर माझ्या घरात आहे. आळ मागं घ्या.

टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा आरोहीच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढायला गेले, तर पिशवी सोडेना. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. जोर करून उघडली तर बाटलीच्या खाली तुमची जोडी, लाल दोऱ्यासकट. मी पिना लावत होते तेव्हाच चौकटीशी हाताला लागली असणार. आत्याच्या चपला दाराशी, म्हणजे आत्या आता कुठंतरी निघणार. मग तिनं आपला नेहमीचा उपाय केला. तुमचे दादा एवढे हसले की जीपवाल्यानं मागं वळून पाहिलं.

मी हसले नाही. मला तुमचा तो प्रवेश दिसायला लागला. पहिल्या रांगेत माझ्या मांडीवर खरी पोर होती आणि समोर ती लावण्या उघड्या पायावर थाप मारून शांत बसली, तेव्हा मी माझ्या पोरीचा हात घट्ट धरला होता. नाटकात नुसतं दाखवतात म्हणून मी मनाला समजावलं होतं. पण घरी आल्यापासून बघते आहे, आरोही सकाळी उठली की तुमच्या चपला घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसते. कडेला ठेवते, चाचपते, पुन्हा कडेला ठेवते. रडत नाही, चिडत नाही. काल शेजारच्या बसम्मा आल्या, तर त्यांच्या नाकाला हात लावून नथनी नाही हे बघितलं आणि त्यांना सोडून दिलं. नथनी ही तुमची खूण.

वन्सं, ती तुमची वाट बघतेय. चपला माझ्याकडं आहेत, म्हणजे आत्या त्या घ्यायला येणार, असा तिचा हिशेब आहे. दहा वर्षं मी खूण शोधत होते आणि ती तिच्यापाशी होती. दोघींनाही ठाऊक नव्हतं. मला खूप आनंद झालाय आणि भीतीही वाटतेय, कारण माझी समजूत खोटी निघाली तर तिचा विश्वास मोडेल.

म्हणून पाडव्याला तुम्ही या, आणि आल्याबरोबर तिच्याकडं चपला मागा. बाकी काही आत्ता लिहीत नाही. तुमच्या दादांनाही अजून बोलले नाही.

पुरणाचं तुमच्या आवडीचं करते. लोभाची गोष्ट पानावर बसून बोलू.

तुमची
इंद्रायणी

भवानी पेठ, सोलापूर
२२ जून २०२५

ती. सौ. वहिनीस,
वैजूचा शि. सा. न. वि. वि.

उद्या दादा आरोहीला आणून सोडेल तेव्हा हे पाकीट त्याच्या हाती देईन. रोज फोनवर बोलतो, पण तू सारखी रडतेस आणि दादा तुझ्या हातून फोन काढून घेतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पाडव्याला तिनं चपला ज्या घाईनं माझ्या पायात कोंबल्या, ते आठवलं की अजून गलबलतं. पण गेल्या सोमवारी आरोहीला वर्गासाठी माझ्याकडं ठेवून निघताना तू जे केलंस ते माझ्यानं झालं नसतं. सगळ्या गल्लीदेखत, बसस्टँडवर जायच्या वेळी, स्वतःच्या चपला काढून पोरीच्या मांडीवर ठेवल्यास, तिचा हात आपल्या उघड्या पायावर टेकवलास आणि वळून निघालीस. मी मागून माझी जोडी घेऊन धावले नसते तर तू टेंभुर्णीपर्यंत अनवाणीच गेली असतीस. माझं माप तुला मोठं पडतं. फटक-फटक आवाज करत तू गल्लीच्या टोकापर्यंत गेलीस, तो मला ऐकू येत होता आणि तिला नाही.

ती तुझ्या चपला घेऊन झोपली. मंगळवारी रडली, जेवली नाही, अमृतला चावली. बुधवारी सकाळी कारखाना सुरू झाला, तेव्हा मागच्या खोलीच्या भिंतीला तिचा हात लागला. माग चालू असले की ती भिंत थरथरते. ती पाठ टेकून उभी राहिली, मग गाल टेकवला. तेव्हापासून भिंत तिची झाली. पद्मजाबाईंनी तिच्या हातावर पहिला शब्द भिंत हाच शिकवलाय, कारण वर्गातून घरी आल्यावर ती आपणहून तिकडं जाते. चपला वर्गातही नेते. बाईंनी एका खुर्चीखाली त्यांची जागा करून दिलीय, आणि तशीच जागा तिनं घरी आपल्या खोलीतल्या खुर्चीखाली करून घेतलीय.

आणि काल शनिवारी, तिला घरी न्यायला तू दारात आलीस. मी मुद्दाम आत थांबले होते. तुझ्या नाकाला, बांगड्यांना हात लावून तिनं ओळख पटवली, मग तुला धरून खुर्चीपाशी ओढत नेलं आणि चपला पुढं केल्या. तू खाली बसलीस ती उठेचनास. अमृत चहा टाकायला म्हणून आत आला आणि डोळे पुसत बसला, चहा काही झाला नाही.

आबांना सांग की नात मजेत आहे. लोभ पूर्वीचाच, त्यात आता एक पोर वाटून घेतल्याचा अधिक.

तुझी
वैजू

नातेपुते
१२ ऑगस्ट २०२५

सौ. वैजयंतीवन्सं यांस,
इंद्रायणीचा स. न. वि. वि.

काल सोमवारी तुम्ही लवकर शाळेला गेला होतात, म्हणून झालेलं तुम्हाला कळलं नाही. फोनवर सांगायला गेले असते तर नीट सांगता आलं नसतं.

मी नेहमीसारखी निघाले. पिशवी घेतली, चपला काढल्या, आरोहीच्या मांडीवर ठेवल्या आणि माझ्या पायावर तिचा हात टेकवायला वाकले. तिला वर्गाची घाई होती. दप्तर पाठीवर, रिक्षावाले शिवूमामा दारात. तिनं पाय चाचपला, आणि मग चपला उचलून माझ्याच पायांपाशी ठेवल्या. मला वाटलं चुकून ठेवल्या. मी परत मांडीवर दिल्या. तिनं परत खाली ठेवल्या, माझा पाय धरून एका चपलेत सरकवला, मग दुसरा दुसऱ्या चपलेत. पायावर थाप मारली. आणि माझा तळवा उघडून त्यावर बोटानं काहीतरी केलं. मला कळलं नाही. पुन्हा केलं, जरा जोरात, मास्तरणीसारखं. तरीही कळेना, तेव्हा ती वैतागून रिक्षात जाऊन बसली.

मी रिक्षामागोमाग वर्गात गेले आणि पद्मजाबाईंच्या तळव्यावर तसंच करून दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, शनिवार. मागच्याच आठवड्यात शिकलीय.

वन्सं, मी टेंभुर्णीपर्यंत रडले. शेजारच्या बाईंनी कोण गेलं म्हणून विचारलं, तर काय सांगू? आनंद झाला होता, आणि थोडं लागलंही होतं, की आता तिला माझं काही ठेवून घ्यावं लागत नाही. आबांना सांगितलं तर म्हणाले की असंच व्हावं लागतं, लेक शाणी झाली, आणि त्यांनी कधी नव्हे ते स्वतः उठून मला पाणी आणून दिलं.

तुम्ही तिच्याकडून शिकलेले शब्द मला प्रत्येक पत्रात लिहून कळवा, कसे करायचे तेही. ती शिकत चालली आणि मी मागं राहिले असं व्हायला नको. काल ती रिक्षात बसल्यावर मी तिला मोठ्यानं येते गं म्हणाले. ऐकू जाणार नाही हे माहीत असून म्हणाले. आजवर कधी म्हणवलं नव्हतं.

लोभ आहेच, तो असाच दोन्हीकडून नांदू द्या.

तुमची
इंद्रायणी